इथून साफ दिसतं

दुर्बीणसाहेब डोंगर चढत नसत. डोंगरातला रस्ता आखायलाच त्यांना सरकारने धाडलं होतं आणि आमच्या राणीसावरगावात ते उन्हाळाभर राहिले; पण पायथ्याच्या चिंचेपलीकडे त्यांचा बूट गेलेला कुणी पाहिला नाही. चिंचेखाली आमच्याच घरची खुर्ची, खुर्चीसमोर तीन पायांची दुर्बीण, दुर्बिणीवर छत्री. छत्री धरून उभा असलेला शिपाई मात्र उन्हात.

लढाईचे दिवस होते. गंगाखेडच्या स्टेशनावर उतरणारं फौजेचं सामान मोटारींनी डोंगरापलीकडे न्यायचं, म्हणून गाडीवाटेचा पक्का रस्ता व्हायचा होता. माझे वडील गावचे पाटील, त्यामुळे साहेबांचा मुक्काम आमच्या माडीवर. मी हैदराबादेच्या इंग्रजी शाळेतून सुट्टीला आले होते. चारचौघांत बोलायची मला धास्ती, म्हणून मी नुसती बघत बसायची. साहेबांना बघणारं कुणीतरी लागायचंच.

जेवताना ते एक वाक्य हमखास म्हणत, "पाटील, चढ माणसाला असतो, मोटारीला नसतो." वडील पहिल्या दिवशी मनापासून हसले, पुढे पाहुणा म्हणून हसले, आणि शेवटी शेवटी वाक्य यायच्या आतच हसून मोकळे होऊ लागले. साहेबांना तिन्ही हसण्यांतला फरक कळला नाही. ते आमटी वाढून घेत.

त्यांचं काम असं चाले. दोन गडी रंगवलेली पट्टी घेऊन वर जात. साहेब खाली बसून रुमाल हलवत. रुमाल उजवीकडे गेला की पट्टी उजवीकडे सरके. रुमाल खाली आला की गडी तिथे चुन्याचा दगड ठेवत. मग साहेब घाम पुसत. घामही त्यांना बसल्याजागी येत असे. एकदा वडिलांनी सुचवलं, "एकवार वर जाऊन आलात तर?" साहेब म्हणाले, "वर जायला मी काय गुराखी आहे?"

त्यांची एक चांगली गोष्ट सांगायला हवी. एका सकाळी त्यांनी मला बोलावून दुर्बिणीतून बघू दिलं. आमच्या घरात मुलीला असं काही दाखवायचं कुणाच्या डोक्यात आलं नसतं. मी डोळा लावला, तर आख्खा डोंगर आभाळातून खाली लोंबत होता. आमच्या गावातली गयाबाई डोक्यावर घागर घेऊन पाय वर करून चालली होती आणि घागरीतलं थेंबभर पाणी सांडत नव्हतं.

"उलटं दिसतंय," मी म्हणाले.

"सवय होते," साहेब मायेने म्हणाले. फुकटची माया त्यांच्याकडे पुष्कळ होती.

गयाबाईचं शेत डोंगराच्या मध्यावर, एका सपाट टप्प्यावर होतं. शेताच्या तोंडाशी विहीर. वैशाखातही ती आटत नसे. तिच्यावर वांगी, कांदे पिकवून गयाबाई आणि तिची विधवा सून पोट भरत. रस्त्याचा सगळ्यात मोठा मोड, म्हणजे वळण, साहेबांनी नेमका त्या विहिरीवर आखला. चुन्याचा दगड थारोळ्यात, मोटेचं पाणी पडतं तिथेच, येऊन बसला, तशी गयाबाई खाली चिंचेपाशी आली.

"सायेब, एक डाव वर या. हीर बघा माझी. आमी सासू-सुना तिच्यावरच जगायलोय. वरच्या अंगाला समदा माळ मोकळा पडलाय, थितं वळवा की रस्ता."

"वर यायची जरूर नाही, बाई. मला इथून साफ दिसतं."

"काय दिसतंय?"

"विहीर."

"आन् पानी?"

साहेब काच पुसू लागले.

रात्री वडील मला म्हणाले, "तू सांगून बघ. इंग्रजी बोलणाऱ्या माणसाचं ते ऐकतात." मी वाक्य मनात जुळवून ठेवलं. सकाळी त्यांचा चहा घेऊन गेले आणि कप ठेवता ठेवता इंग्रजीत म्हणाले, की आपण एकदाच वर जाऊन पाहिलंत तर मोड विहिरीच्या वर घेता येईल असं वाटतं. साहेबांनी कप खाली ठेवला. वडिलांना हाक मारली. "पाटील, मुलीचे उच्चार काय सुरेख आहेत! बेटा, पुन्हा म्हण." मी पुन्हा म्हटलं. त्यांनी पुन्हा वाखाणलं. विहिरीचं नाव निघालं नाही.

पावसाळ्याआधी विहीर दगडमातीने बुजवली.

रस्ता झाल्यावर मोडांची परीक्षा घ्यायची होती. पेट्रोल मिळत नव्हतं, मोटार कुठून येणार? साहेबांनी भरलेली बैलगाडी वर धाडली. आमचे बैल जागच्या जागी वळतात. त्यांच्यामागून गाडीही मुकाट वळली. एकेक मोड पार झाला. साहेब खुर्चीतून म्हणाले, "पास."

होळीच्या सुमाराला, मी पुन्हा सुट्टीला आले असताना, फौजेच्या लॉऱ्या आल्या. बघायला गाव लोटलं आणि साहेबही मुद्दाम आले होते, अर्थात चिंचेखाली. पहिली लॉरी विहिरीच्या मोडावर गेली आणि अडकली. नाक डोंगराला, शेपूट दरीवर. ड्रायव्हर उतरला, दोनदा चहूकडून फिरला आणि वरूनच ओरडला, "ये मोड बैलां के वास्ते बनाए क्या?" मग सगळ्या लॉऱ्या उलट्या पावली खाली आल्या आणि निघून गेल्या. पुन्हा त्या आल्या नाहीत.

"ड्रायव्हर कच्चा आहे," साहेब म्हणाले.

ऊन चढलं होतं. गयाबाई गावातल्या आडाचं पाणी घेऊन वर निघाली होती. आता ती पाण्यासाठी दिवसातून दोनदा गाव गाठायची. साहेबांनी शिपायाला खूण केली. शिपायाने पाणी मागितलं. गयाबाईने घागर उतरवली, शिपायाच्या ओंजळीत धार धरली आणि तो पोटभर प्यायला. साहेबांनी पेला पुढे केला. तोवर घागर तिच्या डोक्यावर गेली होती.

"तुमाला वर हाय की, सायेब. माझ्या हिरीला. बसल्याजागी घ्या, हितून साफ दिसतंय."

ती चढाला लागली. साहेबांनी पेला तसाच धरून माझ्याकडे पाहिलं. इंग्रजी बोलणारी मुलगी तिला काहीतरी समजावेल, अशी त्यांची अपेक्षा असावी. मी खाली मान घातली. माझा लाजाळूपणा पहिल्यांदाच माझ्या कामी आला.