पुढचा शाफ्ट आणि घोटीच्या मावशी

मी माझी जीप चार इंच उंच करून घेतली, तेव्हा तिला काहीही झालेलं नव्हतं.

झालं ते नंतर! गिअरबॉक्सपासून पुढच्या चाकांपर्यंत ताकद नेणारा लोखंडी दांडा, म्हणजे पुढचा शाफ्ट, त्या उंचीला पुरेना. गाडी अशी थरथरायची, की बायकोच्या बांगड्या आपोआप वाजायच्या. शेवटी लांब, दणकट नवा शाफ्ट मागवला आणि व्हिडिओ बघून स्वतःच बसवला. मागच्या टोकाचे बोल्ट पान्याने आवळले. पुढच्या टोकाचे नुसते हाताने लावले, पान्याने नंतर आवळणार होतो. (तेवढ्यात ताटं वाढली गेली.)

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको, तिच्या मावशी आणि मी नाशिकहून पेठला निघालो. मावशी घोटीच्या. वय अडुसष्ट. काका गेल्यापासून भाताची गिरणी एकट्या चालवतात. पेठला त्यांच्या नातीचा साखरपुडा होता. मुहूर्त बाराचा, आणि अंगठी मावशींच्या बटव्यात!

घाट लागताच मावशी म्हणाल्या, "जावईबापू, खालून आवाज येतोय. कायतरी ढिलं हाय."

"नवा शाफ्ट आहे, मावशी. बसायला जरा वेळ लागतो," मी तज्ज्ञासारखं सांगितलं.

पुढच्याच वळणावर तो बसला. रस्त्यावर!

खण्णकन आवाज, ठिणग्या, बायकोची किंकाळी. गाडी कशीबशी कडेला घेतली. शाफ्टचं पुढचं टोक निखळून लोंबत होतं. मी मोबाइल आभाळाकडे धरून रेंज शोधू लागलो.

"साडेदहा झाले! आता काय?" बायको रडकुंडीला आली.

"चाकांना दगड लावा," मावशींचा आवाज आला. दगड लावून वळतो तर मावशी गायब! रस्त्यावर फक्त चपला, आणि जीपखाली नऊवारीचा काष्टा. (उंच जीपचा पहिला खरा उपयोग!)

"चौदाचा पाना द्या."

मी दिला.

"जावईबापू, हा सतराचा हाय!"

दहा मिनिटांत त्यांनी मागचं टोकही सोडवलं आणि शाफ्ट खांद्यावर टाकून बाहेर आल्या. मी थक्क! ज्या कामाला मला अख्खा रविवार लागला होता, ते या बाईंनी पाठीवर झोपून, पदरही न ढळता केलं होतं.

"गिरणीचा शाफ्ट याहून लय जड असतो," म्हणत त्यांनी तो माझ्या हातात दिला. मी त्याच्यासकट खाली बसलो, आणि उठल्याउठल्या बाटलीतलं सगळं पाणी संपवून साबणाने हात लख्ख धुतले.

"आता मागची चाकं ओढतील गाडी. चला!"

बाराला दहा कमी असताना पोहोचलो. मावशींनी अंगठी काढली, तर कोपरापर्यंत ग्रीस! नवऱ्या मुलाचे वडील बघतच राहिले.

"वाटेत गाडी बिघडली होती," मावशी म्हणाल्या. "आमच्या जावईबापूंनी नीट केली. मी आपली पाने द्यायला होते."

मंडपभर कौतुक झालं. मी विनयाने दोन्ही हात जोडले, आणि तिथेच चुकलो!

नवऱ्या मुलाच्या वडिलांनी माझ्या स्वच्छ, गोऱ्यापान हातांकडे नीट निरखून पाहिलं.

"वा!" ते म्हणाले. "हात न लावता?"