नर्सबाईंचा दोर

महाराष्ट्र नवा होता तेव्हाची गोष्ट. आमच्या पिंपळगावच्या विहिरीवर येणाऱ्या नर्सबाई ख्रिस्ती. कुणाचा आवाज चढला की अर्धी घागर उचलून घरची वाट धरायच्या. “जाऊ द्या न बाई,” एवढंच म्हणायच्या.

एकदा गावकुसाबाहेरची बाई रिकामी घागर घेऊन उन्हात ताटकळत होती. तिनं विहिरीला शिवायचं नाही, आम्ही वरून ओतायचं, ही आमची रीत. त्या दिवशी कुणी ओतेना. नर्सबाईंनी आपला दोर सरळ तिच्या हातात दिला.

“विहीर बाटवली!” बायका कडाडल्या.

नर्सबाईंचे ओठ पुटपुटत होते. पण घागर भरेस्तोवर जागच्या हलल्या नाहीत. मान मात्र माझी खाली गेली.

वाटेत विचारलं, “बाई, भेव नाही वाटलं?”

“वाटलं न! पळालीच असती मी. म्हणून येशूले म्हटलं, माह्ये पाय धरून ठेव.”