सोमवारचं डीफ्रॅग

गेटवर अकरा ट्रेलर उभे होते. ड्रायव्हर खाली उतरून ओरडत होते आणि गेटच्या केबिनमध्ये वैशालीच्या स्क्रीनवर नुसता गोल फिरत होता. कंटेनर यार्डात शिरताना त्याचा नंबर टाकायचा, चारी बाजूंचे फोटो घ्यायचे, स्लिप द्यायची. काम दोन मिनिटांचं. त्या सकाळी एका स्लिपला दहा मिनिटं लागत होती.

"सर, मशीन न्हाय, ही पोर स्लो हाय," जनार्दनशेठ म्हणाले. न्हावा शेव्याजवळचं हे यार्ड त्यांचं. वडील मिठागरात राबले, यांनी ट्रक घेतले, मग यार्ड टाकलं. "एक तारखेपासून गेटवर दुसरा माणूस बसवतो. तुम्ही फक्त सांगा, मशीन ओके हाय."

वैशालीने ते ऐकलं आणि पुढच्या कंटेनरचा नंबर टाकायला घेतला. घर तिच्या एकटीच्या पगारावर चालायचं, हे मला माहीत होतं.

मी अठरा वर्षं उरण-पनवेल पट्ट्यात लोकांचे कॉम्प्युटर सांभाळतो. हे मशीनही मीच बसवलेलं. उघडून बघतो तर साडेदहा वाजले तरी डीफ्रॅग, म्हणजे डिस्कची आवराआवर, चालू.

"हे कोणी लावलं?"

"मीच सर. रोज सातला लावते. गाडी काढायच्या आधी ऑइल-पाणी बघतात तसं, शेठ म्हणतात. आधी सोमवारीच लावायचे. मशीन स्लो व्हायला लागलं तसं शेठनी रोजचं केलं."

"मग मध्ये बंद का नाही करत?"

तिने मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला कागद दाखवला. 'दर सोमवारी डीफ्रॅग. मध्येच बंद करू नये.' अक्षर माझं होतं.

जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते. एकाच फाइलचे तुकडे जागा मिळेल तिथे पडतात आणि ते गोळा करताना वेळ जातो. डीफ्रॅग ते तुकडे शेजारी शेजारी लावतं. तेव्हा माझा सल्ला बरोबरच होता. पण दोन वर्षांपूर्वी मीच ती डिस्क काढून एसएसडी घातली. तिच्यात फिरणारं काहीच नसतं, तुकडा कुठेही असला तरी चटकन मिळतो. तुकडे लावत बसण्याचा फायदा नाही, उलट सारखं लिहून ती झिजते. विंडोज एसएसडी ओळखून आपलं आपण बघून घेतं. मी पूर्वी टाकलेल्या फुकट सॉफ्टवेअरला मात्र ते कळत नव्हतं. त्यात डिस्क फोटोंनी गच्च. उद्या कंटेनरच्या डॅमेजवरून भांडण निघालं तर, म्हणून कोणी एक फोटो उडवत नव्हतं. त्यामुळे डीफ्रॅग दुपारपर्यंत संपायचं नाही. औषधानेच ताप चढत होता, आणि ताप चढला म्हणून डोस वाढत होता.

मी डीफ्रॅग थांबवलं. पुढची स्लिप दोन मिनिटांत निघाली. जुने फोटो दुसऱ्या डिस्कवर हलवले, ते सॉफ्टवेअर काढून टाकलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत लाइन संपली.

शेठ खूश. "काय झालेलं?"

'व्हायरस होता' म्हणून सुटता आलं असतं. आमच्या धंद्यात या शब्दाने बऱ्याच जणांची अब्रू वाचवली आहे. पण वैशाली माझ्याकडे बघत होती.

"चूक माझी, शेठ. डिस्क बदलली तेव्हाच हे बंद करायला सांगायला हवं होतं. ही तुमचं आणि माझं ऐकत राहिली, म्हणून मशीन स्लो झालं."

"म्हंजे मी चार महिने हिला फुकट बोललो?"

"हो."

माफीबिफी त्यांनी मागितली नाही. कागद ओढून काढला, चुरगळला आणि वैशालीला म्हणाले, "बस बाय, गाड्या घे."

एक तारखेला गेटवर तीच होती. मेंटेनन्सचं काम मात्र शेठनी पनवेलच्या दुसऱ्या माणसाला दिलं. वाईट वाटलं, पण त्यांचा राग आला नाही.

सल्ला घ्यायला लोक बोलावतात. तो मागे घ्यायला कोणी बोलावत नाही, आपणच जावं लागतं. आता कुठेही नवी डिस्क बसवली की निघण्याआधी मी विचारतो, "मी तुम्हाला पूर्वी काय काय करायला सांगितलं होतं?" यादी माझ्या अंदाजापेक्षा लांबच निघते.