यादीतलं पहिलं नाव

मेल उघडला तेव्हा रिपोर्टिंगची तारीख उलटून चार दिवस झाले होते. रिपोर्टिंग म्हणजे निवड झालेल्यानं कागदपत्रं घेऊन स्वतः हजर व्हायचा दिवस. मेलमध्ये नाव होतं प्रतीक्षा गायकवाड. मेल आला होता माझ्या इनबॉक्समध्ये.

न्हावऱ्यात मी बारा वर्षं ऑनलाइन फॉर्म भरून देतोय. दाखले, भरती, शिष्यवृत्ती, सगळं. आमच्या कामात एक वाईट सवय लागते. फॉर्म भरताना पोर्टल, म्हणजे सरकारची वेबसाइट, ओटीपी पाठवतं. समोरच्याचा फोन घरी राहिलेला असतो, नाहीतर मेलचा पासवर्ड आठवत नसतो. मागं दहा जण उभे असतात. मग आम्ही आमचाच नंबर आणि आमचाच मेल टाकून मोकळे होतो. काम झटक्यात होतं, पण पुढचा सगळा पत्रव्यवहारही आमच्याकडंच येतो. माझ्या इनबॉक्समध्ये अशा शेकडो लोकांचे मेल पडलेले असतात.

प्रतीक्षा शिरूरच्या कॉलेजातून केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झाली होती. तिचे वडील, आप्पा, ग्रामपंचायतीच्या नळाला पाणी सोडायचं काम करतात. दौंडला एका सरकारी प्रयोगशाळेत गावोगावच्या पिण्याच्या पाण्याचे नमुने तपासतात. तिथली सहा महिन्यांची इंटर्नशिप तिनं स्वतः शोधली होती. इंटर्नशिप म्हणजे नोकरी नव्हे. शिकत शिकत काम करायचं आणि शेवटी अनुभवाचं प्रमाणपत्र घ्यायचं. पण रांजणगावच्या दोन कंपन्यांच्या लॅबमधून तिला तेच नाही म्हणून परत पाठवलं होतं. इंटर्नशिपला अट एकच होती, पदवीच्या निकालाला एक वर्ष होऊन गेलेलं नसावं. तिचं वर्ष संपत आलं होतं.

फॉर्म भरल्यावर ती दोनदा विचारायला आली. पहिल्यांदा मी बघून सांगितलं, अजून काही नाही. दुसऱ्यांदा दहावीच्या पोरांच्या दाखल्यांची गर्दी होती. मी मान वर न करताच म्हणालो, "आलं की सांगतो." मेल त्याच्या आदल्या दिवशीच आलेला होता.

मी फोन करून तिला बोलावलं आणि स्क्रीन तिच्याकडं वळवली. तिनं मेल दोनदा वाचला. मला वाटलं, ओरडेल. ती म्हणाली, "आज गेलं तर चालंल का, दादा?"

दुकान बंद केलं. मोटारसायकलवर चौफुला, तिथनं दौंड. ती मागं फाइल पोटाशी धरून बसली होती.

प्रयोगशाळेच्या मॅडम वयानं माझ्याएवढ्याच असतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चूक माझी आहे, हवं तर लिहून देतो, असं मी म्हणालो. त्या म्हणाल्या, "लिहून द्या, मी फाइलला लावते. पण जागा एकच होती. आम्ही तीन दिवस वाट बघितली. मेसेजही केला होता."

तो मेसेजही माझ्याच फोनवर आला होता. जाहिरातींच्या मेसेजमध्ये दडपला गेला होता.

"वेटिंगवरची मुलगी काल रुजू झाली," मॅडम म्हणाल्या. "तिला मी काय सांगून घरी पाठवू?"

काचेपलीकडं ती मुलगी पांढरा कोट घालून बाटल्यांवर गावांची नावं लिहीत होती. प्रतीक्षा तिच्याकडं बघत राहिली. मग तिनं विचारलं, "मॅडम, यादीत माझं नाव कितवं होतं?"

मॅडमनी कागद काढून बघितला. "पहिलं."

"पुढच्या वर्षी?" मी विचारलं.

"पुढच्या वर्षी यांच्या निकालाला वर्ष उलटलेलं असेल, अटीत बसणार नाहीत," मॅडम म्हणाल्या. मग शिपायाला सांगून त्यांनी आम्हाला चहा मागवला. प्रतीक्षानं तो घेतला नाही.

परतताना पारगावजवळ तिनं गाडी थांबवायला लावली. भीमेच्या पुलाच्या अलीकडं रस्त्याकडेला उतरली आणि पाठ फिरवून बराच वेळ उभी राहिली. मी गाडीपाशीच थांबलो. परत आली तेव्हा डोळे पुसलेले होते.

"आप्पांना निवड झाली होती असं सांगू नका," ती म्हणाली. "झालीच न्हाई म्हणा. तेवढं त्यांना सोसंल. हातातनं गेलं हे न्हाई सोसायचं."

मी हो म्हणालो. खोटं सांगणं मला सोयीचंही होतं, हे तेव्हाच कळत होतं.

आठवड्याभरानं आप्पा स्वतः दुकानात आले. पिशवीतनं शेवग्याच्या शेंगा काढून काउंटरवर ठेवल्या. "भाऊ, लई धडपड केली तुमी. दुकान बंद करून दौंडापातुर इचारायला गेला. कोण करतंय एवढं? मनाला लावून घिऊ नगा." खरं सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. गिऱ्हाईक गेल्यावरही सांगता आलं असतं. सांगितलं नाही.

प्रतीक्षा आता रांजणगावला एका कंपनीत पॅकिंगला जाते. सकाळच्या बसला दिसते. माझ्याशी नीट बोलते, त्यामुळं जास्तच अवघड होतं.

आता माझ्याकडं फॉर्म भरायला येईल त्याला मी आधी त्याचा स्वतःचा मेल काढायला लावतो. पासवर्ड त्याच्याच हातानं त्याच्याच वहीत. फोन घरी राहिला असेल तर घेऊन या म्हणतो. रांग लांबते, लोक कुरकुरतात, काही जण उठून पलीकडच्या दुकानात जातात. तिथं काम पाच मिनिटांत होतं.