वाटीखालचा हरभरा

संगव्वा लहान मुलाशी कधी उभ्यानं बोलत नसत. डोक्यावर भरलेली घागर असली तरी ती उतरवायच्या, भर रस्त्यात फतकल मारून बसायच्या आणि मग तोंड उघडायच्या. पहिल्याच भेटीत त्यांनी मला सुनावलं होतं. मी माझ्या लेकीला, शकूला, उंबऱ्याशी बसवून चुलीकडून पाठमोरीच तिच्याशी बोलत होते. "वरनं बोललेलं लेकराच्या डोस्क्यावरनं जातंय, बाई. खाली बसा. त्वांड दिसाया पायजे तिला."

लोहाऱ्यात आम्ही नवे होतो. आमचे हे सरकारी शाळेत मास्तर. निजामाच्या अमदानीचं ते शेवटचं वर्ष, पण तेव्हा ते कुणाला ठाऊक होतं? संगव्वा शेजारच्या लिंगायत वाण्याची विधवा बहीण, पन्नाशीच्या. दुकानातले हरभरे निवडायला त्या सूप घेऊन आमच्या ओसरीवर येत. त्यांच्या घरात मूल नव्हतं आणि आमच्या घरात होतं, एवढंच कारण. ते त्या लपवतही नसत.

सुपाशेजारी आमच्या घरातली एक पितळी वाटी असे. तिच्याखाली हरभऱ्याचा दाणा झाकायचा आणि विचारायचं, "कुठं ग्येला?" दीड वर्षाची शकू दोन्ही तळवे उघडे करून दाखवी, नाही. वाटी उचलली की संगव्वा म्हणत, "हाय!" शकू ओरडे, "आय!" मला तो रिकामटेकडेपणा वाटे. त्या म्हणत, "आदी हात बोलतंय, मग त्वांड. हाताला जवाब द्या तुमी. न्हाय दिला तर त्वांड कशाला मेहनत करंल?"

हळूहळू शकू पाण्याला "नीरु" म्हणू लागली आणि पोट भरलं की "साकु". ही संगव्वांची घरची कानडी. ह्यांना ते पसंत नव्हतं. "दोन भाषांत जीभ अडखळेल तिची," हे म्हणाले. संगव्वांनी सुपातून मान वर केली नाही. "अडखळू द्या की, मास्तर. चालताना पडत न्हाय व्हय? पडतंय, उठतंय." ह्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

त्या भाद्रपदात हत्यारबंद टोळ्या गावोगाव फिरत होत्या. एका दुपारी ओरड झाली आणि आळीतल्या आम्ही आठ-दहा बायका जोंधळ्यात शिरलो. जोंधळा डोक्याच्या वर गेला होता. जवळच्या वाटेवर टोळीतली माणसं थांबली; त्यांचं बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं. शकूला त्या दिवसांत नवे शब्द फुटले होते, ती मिनिटभर गप्प बसत नसे. मी तिचं तोंड दाबणार, तेवढ्यात संगव्वांनी माझा हात धरला. त्या चिखलात तिच्यासमोर बसल्या. स्वतःच्या तोंडावर त्यांनी वाटीसारखा हात झाकला आणि मग दोन्ही तळवे उघडे करून दाखवले. म्हणजे आवाज गेला. शकूला खेळ कळला. तिनंही तोंड झाकलं. ऊन कलेपर्यंत तिनं हूं की चूं केलं नाही. माणसं निघून गेली, आम्ही वाचलो.

दोन-चार दिवसांत निजामाचं राज्य गेलं. गावात साखर वाटली. शकू मात्र बोलेना. हसायची तेही आवाज न करता. कुणी सांगितलं म्हणून वेखंड मधात उगाळून जिभेवर लावलं, त्यानंही काही झालं नाही. संगव्वांचा जीव तुटायचा. "म्या झाकलंय, म्याच उघडणार," म्हणत त्या रोज यायच्या. तोंडावरचा हात काढून "हाय!" म्हणायच्या, वाटी उचलून "हाय!" म्हणायच्या. शकू नुसते तळवे दाखवायची. मला त्यांचा राग यायला हवा होता, निदान उपकार तरी वाटायला हवे होते. दोन्ही वाटलं नाही. मी भाकरी थापत राहिले.

उन्हाळ्याच्या तोंडाशी संगव्वांना ताप भरला. मी पाहायला गेले, तर पहिला प्रश्न, "बोलली का?"

"नाही."

"बोलंल. तुमी खाली बसत जावा तेवढं."

दोन दिवसांनी त्या गेल्या. लिंगायतांत माणूस बसवूनच पुरतात. त्यांना आंघोळ घालून, कपाळाला विभूती लावून ओसरीत भिंतीला टेकवून बसवलं होतं. मांडी घातलेली, मान सरळ. बायका रडत होत्या. मी शकूला घेऊन दारात उभी होते. ती माझ्या हातून सुटली आणि घरी पळाली. परत आली ती वाटी आणि हरभऱ्याचा दाणा घेऊनच.

संगव्वा खाली बसल्या आहेत म्हणजे आपल्याशी बोलायला बसल्या आहेत, असं तिला वाटलं असणार. दुसरं काय वाटणार? ती त्यांच्यासमोर बसली. दाणा ठेवला, वाटी पालथी घातली आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. बराच वेळ बघितलं. मग तिनंच विचारलं, "कुठं ग्येला?"

शब्द, सूर, सगळं संगव्वांचं. रडणाऱ्या बायका थांबल्या. सहा-सात महिन्यांनी माझी मुलगी बोलली होती. मला आनंद व्हायला हवा होता; मला काहीच झालं नाही.

शकूनं एकदा वळून माझ्याकडे पाहिलं. मग वाटी स्वतःच उचलली. "हाय," ती म्हणाली.

मी दारात उभीच होते. खाली बसायचं मला सुचलं नाही.