बाबांसाठी शिवलेला हातमोजा

आमच्या मुलुंडच्या घरात नॅनोमीटरमध्ये विचार करणारी मी एकटीच. गॅसचा सिलिंडर संपत आलाय, हे मात्र मला भाजी अर्धी कच्ची राहिल्यावरच कळतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी ताणलं जाणारं इलेक्ट्रॉनिक्स करते, म्हणजे केसाहून कितीतरी बारीक चांदीच्या तारा रबरात पसरून पट्ट्या बनवते. पट्टी ताणली की तिच्यातून वाहणारी वीज बदलते आणि मोबाइलवर रेघ वर चढते. "म्हणजे इलॅस्टिकच ना गं?" असं शेजारच्या काकू विचारतात. आधी चिडायचे, आता हो म्हणते.

बाबांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात गेला. बोलणं शाबूत राहिलं, मालवणी शिव्या तर एकदम ठणठणीत. पण जेवण चमच्यावर आलं आणि बाबांनी मासे सोडले. "चमच्यान बांगडो खावक मी काय सायब आसंय?" म्हणाले. मासे सोडलेले बाबा मला बघवेनात. हा हात परत ताटात जायला हवा, एवढंच डोक्यात होतं.

डॉक्टरांनी सांगितलं, रोज शेजारी बसून एकेक बोट वाकवा, त्यांनाही जोर लावायला सांगा. इतकं साधं काम मला कसं झेपणार! मी हातमोजा शिवला, प्रत्येक बोटावर माझी पट्टी बसवली, तो बाबांना चढवला आणि "बोटं हलवायचा प्रयत्न करत राहा हं" असं बजावून स्वयंपाकघरात चपात्या लाटत मोबाइल बघत बसले. रेघ मेल्यासारखी आडवी. मी पट्ट्यांना दोष दिला, सोल्डरिंगला दिला, मुंबईच्या घामालाही सोडलं नाही. "कायतरी इलां काय गो?" बाबा जेवताना विचारायचे आणि मी तोंड पाडून नाही म्हणायचे.

मग एके सकाळी रेघ उठली. आणि काय झकास उठली! मी लाटण्यासकट नाचले. प्रयोगशाळेच्या ग्रुपवर ग्राफ टाकून अभिनंदनं गोळा केली. बाजारातून बांगडे आणले, त्यांचं झणझणीत, दाट रश्श्याचं तिखलं केलं, बाबांपुढे ताट ठेवलं आणि ऐटीत चमचा उचलून नेला.

बाबा ताटाकडे बघत राहिले. उजवा हात मांडीवरून हलेना.

"बाबा, घ्या ना."

त्यांनी डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं धरली आणि हळूच वाकवली. "असां करी होतंय," ते म्हणाले. "तुझां मशीन पास होवक व्हयां ना गो."

यावर मी विदुषी काय बोलले? "बाबा, माझ्या डेटाची वाट लावलीत!" पट्टी बोट वाकलं एवढंच सांगते. ते कोणी वाकवलं, हा प्रश्न माझ्या अकलेला शिवलाच नव्हता. शाळेच्या प्रदर्शनात माझी पवनचक्की फिरेना, तेव्हा मागे उभं राहून गपचूप फुंकर मारणारे हेच बाबा! मग मला रडू फुटलं, चांगलं हुंदके देऊन.

"आता भरव तरी," बाबा म्हणाले, "बांगडो थंड होतलो." मी भरवलं. काटे काढता काढता एक माझ्याच बोटात रुतला.

आता संध्याकाळी मी शेजारी बसून हातानेच त्यांची बोटं वाकवते. हातमोजा कपाटात पडलाय. कंटाळा येतो, खोटं कशाला बोलू? परवा त्यांचा उजवा हात हातात घेऊन बातम्या बघताना माझ्या बोटावर काहीतरी दाबल्यासारखं वाटलं. बाबा टीव्हीकडेच बघत होते. मी पटकन आधी त्यांचा डावा हात शोधला.

त्यात रिमोट होता.