उणेबाईंची रेघ

माझ्या धाकट्या बहिणीला तिच्या ऑफिसात उणेबाई म्हणायचे. पाठीमागे म्हणायचे, पण तिला नीट ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. एकतीस वर्षं तिनं एका दैनिकात मुद्रितं तपासली. शेवटच्या पानावरचा हवामानाचा चौकोनही तिच्याकडेच होता, कारण दुसऱ्या कुणाला तो नको होता. काडेपेटीएवढा तो चौकोन. वर ‘कमाल’, खाली ‘किमान’, दोन्हींपुढे एकेक आडवी रेघ आणि रेघेपुढे आकडा. त्याच्या खाली खोकल्याच्या औषधाची जाहिरात, ती मात्र चौकोनाच्या तिप्पट.

लहानपणी हिला गणित मी शिकवलं. तेव्हा पुढच्या सगळ्या भानगडीचं मूळ मीच, असं आमचे मेहुणे म्हणतात. म्हणू देत. हिनं स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर, सावलीच्या बाजूला, तापमापक टांगला होता आणि रोज सकाळी केस विंचरायच्या आधी त्यात डोकावायची. मेहुणे पाहुण्यांना सांगायचे, “आमच्याकडे ताप आला तरी दशांशात येतो.” पाहुणे हसायचे. ही म्हणायची, “मग कसा येणार?”

तिचं पहिलं मोठं भांडण झालं ते एका मथळ्यावरून. ‘काल सहा, आज तीन: थंडी दुप्पट!’ हिनं लाल शाईनं ‘दुप्पट’वर काट मारली आणि कागद घेऊन सरळ संपादकांच्या खोलीत गेली.

“बाई, आता काय?”

“सहाचे तीन झाले म्हणून थंडी दुप्पट होत नाही. शून्य आपण सोयीसाठी एका जागी ठेवलंय. दुसरी मोजपट्टी घेतली की हेच आकडे वेगळे होतात. मग तुमची दुप्पट कुठे राहते?”

“वाचकांना कळतं हो.”

“बरं. मग उद्या शून्य झालं तर किती पट म्हणणार?”

संपादक थोडा वेळ खरोखर विचार करत होते, असं ती सांगते. मग म्हणाले, “तेव्हाचं तेव्हा बघू.” मथळा तसाच छापला गेला. त्या आठवड्यात माझ्याकडे दूध घालणारीनंही मला सांगितलं, “आजी, थंडी डबल झाली म्हणे.” मी दूध घेतलं आणि दार लावलं. किती जणांशी डोकं फोडायचं?

पण तिचं खरं वैर होतं ते चौकोनातल्या रेघेशी. आमच्याकडे वर्षातून पाच-सहा रात्रीच तापमान शून्याखाली जातं. बाकी वर्षभर ‘किमान – ८’ म्हणजे आठ, हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं. मग ज्या रात्री उणे आठ असेल, त्या रात्री काय छापणार? ही चिठ्ठ्या लिहायची: ‘रेघ काढा, दोन टिंबं द्या. शून्याखाली गेलं की उणे हा शब्द अक्षरात छापा.’ अशा अकरा चिठ्ठ्या संपादकांच्या खणात गेल्या. बारावीला त्यांनी उत्तर दिलं, तेही जिन्यात. “बाई, तुम्हाला सदा उणीदुणी काढायची सवयच आहे.” तिथे उभ्या असलेल्या दोघा-तिघांना विनोद कळला आणि नाव पडलं.

जे व्हायचं ते शेवटी झालंच. तिला निवृत्त व्हायला पाच महिने राहिले होते. संध्याकाळी पाच वाजता हवामान कार्यालयाचा कागद आला: उद्या रात्रीचं किमान उणे ३.४. चौकोनात दशांश बसत नाहीत, हे दुःख तिनं कधीच गिळलं होतं. तिनं मुद्रितावर लाल शाईनं स्वच्छ लिहिलं: ‘उणे ३, अक्षरात.’ सही केली आणि ती घरी गेली.

पान लावणाऱ्या गृहस्थांनी तो शब्द बसवून पाहिला. बसेना. बसवायचा तर खोकल्याच्या बाटलीचं झाकण कापावं लागत होतं, आणि जाहिरातीला हात लावायची कुणाची छाती? म्हणून त्यांनी शब्दाच्या जागी चिन्ह दिलं. आता ‘किमान’च्या पुढे दोन रेघा लागोपाठ आल्या. त्यांना वाटलं, हातून चुकून दोनदा पडली. एक काढून टाकली. चौकोन पुन्हा देखणा झाला.

सकाळी सातला माझा फोन वाजला. “ताई, खाल्ली! एक रेघ खाल्ली!”

“कुणी? काय खाल्लं?” मी अजून दात घासत होते.

आठ वाजता तिनं संपादकांना घरी फोन लावला. रात्र व्हायला अजून अख्खा दिवस होता. रेडिओला कळवता आलं असतं, दारावरच्या फलकावर लिहिता आलं असतं. संपादक म्हणाले, “एवढं काय? संध्याकाळी लोक बाहेर पडतील तेव्हा कळेलच की त्यांना.”

रोपवाल्यांना कळलं नाही. गावाबाहेर त्यांची रोपवाटिका. सार्वजनिक बागेसाठी बाराशे रोपं त्यांनी चार महिने वाढवली होती आणि पंधरवड्यात ती पोहोचवायची होती. त्यांचा नियम साधा: चौकोनात दोन किंवा त्याहून कमी असेल तर रोपं झाकायची, तीन असेल तर नाही. त्या सकाळी चौकोनात तीन होते.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला ते रोपांचा एक ट्रे घेऊन ऑफिसात आले. पानं काळी पडून उकडल्यासारखी लोळत होती. त्यांनी आरडाओरडा केला नाही, आणि बहिणीला त्याचंच जास्त लागलं. ट्रे संपादकांच्या टेबलावर ठेवून ते म्हणाले, “बागेचे अधिकारी म्हणतात, उणे तीन पेपरात छापून आलं होतं, तुम्हीच झोपा काढल्या. काम काढून घेणार म्हणतात. साहेब, मला भरपाई नको. ‘चूक आमची’ एवढ्या दोन ओळी छापा. तेवढं दाखवलं तर काम राहील.”

संपादकांनी अंक उघडला, चौकोनावर बोट ठेवलं. “चूक कसली? ही काय रेघ. उणेच छापलंय.” आणि बहिणीला बोलावून घेतलं. “बाई, दोन रेघांपैकी एक काढली. ती ‘किमान’च्या पुढची साधी रेघ. राहिली ती उणेची. बरोबर? तेवढं लिहून द्या.”

मला हे आठवलं की अजून डोकं तडकतं. कुठली रेघ काढली आणि कुठली राहिली, हे काय रेघेच्या कपाळावर लिहिलेलं असतं?

बहिणीनं खिशातली पट्टी काढली. “आणि वरची?”

“वरची कुठली?”

“‘कमाल’च्या पुढची. खाली रेघ म्हणजे उणे, तर वरही उणे. म्हणजे काल दुपारी आपल्याकडे उणे नऊ होतं. आणि तुम्ही काल दुपारी अर्ध्या बाह्यांच्या शर्टात गच्चीवर शेंगदाणे खात होतात. मी पाहिलंय.”

“अहो, वरची साधी रेघ आहे!”

“दोन्ही चार मिलिमीटर. आत्ताच मोजल्या. एक साधी आणि एक उण्याची, हे रोपवाल्यांनी कशावरून ओळखायचं? वासावरून?”

पान लावणारे गृहस्थ दारात उभे राहून हसले आणि लगेच खोकले. संपादक मात्र हसले नाहीत. “पाच महिने राहिलेत तुमचे. कशाला ओढवून घेता?”

तिनं लिहून दिलं नाही. तिसऱ्या दिवशी शेवटच्या पानाच्या तळाशी एक ओळ आली: ‘किमान तापमानाबाबत काही वाचकांचा गैरसमज झाला, त्याबद्दल दिलगीर आहोत.’ म्हणजे चूक वाचकाची, आणि दिलगिरी कशाबद्दल, तर त्यानं वाचल्याबद्दल! मी तो अंक भिरकावला. तो मेहुण्यांच्या चहात पडला.

मग बहीण स्वतःच उठली. लाल शाईचं ते मुद्रित, छापलेला अंक आणि पट्टी घेऊन रोपवाल्यांबरोबर बागेच्या कार्यालयात गेली. मीही गेले. म्हटलं, हिला कुणी मधेच तोडलं तर तिथे मी हवी.

अधिकारी आधी म्हणाले, “बाई, तुमच्या सहीला काय अर्थ? पेपरात छापून आणा.”

“छापलेलंच आणलंय,” ती म्हणाली. “मोठ्यानं वाचा. आधी वरची ओळ.”

“कमाल नऊ.”

“आता खालची.”

“किमान ती...” ते थांबले. दोन्ही ओळींकडे पुन्हा पाहिलं. त्यांनीही तीनच वाचलं होतं. रोपवाले जमिनीकडे बघत उभे होते. “उणे तीन होतं, हे मला रेडिओवरून कळलं होतं,” अधिकारी म्हणाले. “पेपर मी वाचलाच नव्हता.” मी काही बोलले नाही. हा माझ्या आयुष्यातला मोठा त्याग समजा.

काम राहिलं. नव्यानं पेरायला सहा आठवडे मिळाले. मेलेल्या बाराशे रोपांचे चार महिने कुठून मिळणार?

बहिणीची उरलेले पाच महिने छोट्या जाहिरातींकडे बदली झाली. तिथेही पहिल्याच दिवशी ‘कपाट विकणे आहे, उंची ५.६ फूट’ या ओळीपाशी ती थांबली. पाच फूट सहा इंच की पाच पूर्णांक सहा दशांश? तिनं विकणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, “येऊन बघा ना, घ्यायचंय का?”

तिच्या पाठीमागे चौकोन रंगीत झाला. तिची रेघ एकदाची गेली. तिच्या जागी आता लाल आणि निळा असे दोन बाण असतात: कमालला वर, किमानला खाली. परवा तापमान पुन्हा शून्याखाली जाणार होतं. सकाळच्या चौकोनात निळा बाण आणि २. त्या बाणाचा अर्थ किमान, की उणे, की काल होतं त्याहून कमी? संपादकांना विचारायला आता तिथे कुणी नाही.

पण थंडीच्या दिवसांत संध्याकाळी सहा वाजता बहिणीकडे फोन वाजतो. त्याआधी तिनं हवामान कार्यालयाला फोन करून आकडा घेतलेला असतो. परवा मी तिथेच बसले होते.

“बाई, आज झाकू का?”

“झाका. उणे दोन पॉइंट एक सांगितलंय. ते माणसाच्या छातीच्या उंचीवरचं, सावलीतल्या पेटीतलं. तुमची रोपं जमिनीवर आहेत. तिथे आणखी कमी भरेल.”

“म्हणजे उणे दोन.”

“म्हणजे उणे दोन पॉइंट एक,” ती म्हणाली, आणि त्यांनी तसंच परत म्हणून दाखवेपर्यंत तिनं फोन ठेवला नाही.